सकाळी पहिल्या सेल्फला इंजिनातून खडखड आवाज येतोय, टायमिंग चेन की अजून काही?

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी, जरा घाईतच विचारतोय कारण शनिवारपर्यंत ठरवायचंय. माझी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, १.२ लिटर, ४ सिलिंडर, ६१ हजार किमी झालेत, पहिल्यापासून मीच चालवतो. दसऱ्याच्या आसपास हे सुरू झालं. सकाळी पहिला सेल्फ मारला की गाडी लगेच स्टार्ट होते पण बॉनेटमधून खडखडखड आवाज येतो, पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा, २-३ सेकंद, आणि मग एकदम गायब. नंतर दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, काही नाही. पिकअप, ॲव्हरेज सगळं पहिल्यासारखंच, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही.

सर्व्हिस सेंटरला नेली तर तिथे पोचेपर्यंत इंजिन गरम, आवाज बंद. तिथल्या माणसाने नुसतं माझं वर्णन ऐकलं आणि टायमिंग चेन किटचं २८ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. आवाज न ऐकता! पैशापेक्षा मला ते जास्त लागलंय. शेजारचे म्हणतात सेल्फ मोटर गेली, मेव्हणा म्हणतो बॅटरी. आवाजावरून नक्की काय ते कसं ओळखायचं? कुणाला असा अनुभव असेल तर सविस्तर लिहा, मी सगळं वाचणार आहे.

तिसरा_गिअर
चेनच आहे, डोळे झाकून सांगतो. माझ्या आधीच्या गाडीला अगदी असाच आवाज होता. ही चेन व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखते; ती सैल झाली आणि एखादा दात सुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग २८ नाही, अख्ख्या हेडचं काम निघतं. थांबू नका.

पावटेभात
बॅटरी नक्कीच नाही. बॅटरी उतरली असती तर गाडी लगेच स्टार्ट झालीच नसती. मेव्हण्याला चहा द्या आणि बॉनेटपासून लांब बसवा :)

उद्यमनगरचा_फिटर
दादा, आवाज कसा येतोय त्याच्या आधी आवाज *कधी* येतोय ते बघायचं असतंय. तीस वर्षं कोल्हापुरात हेच काम करतोय, गिऱ्हाईक आलं की माझा पहिला प्रश्न हाच, सेल्फ मारायच्या आधी, मारताना, की इंजिन पेटल्यावर?

चावी फिरवून नुसती ऑन केली, अजून सेल्फ मारला न्हाई, तेव्हा मागच्या सीटखाली २ सेकंद ऊंऊं असा आवाज येतोय का बघा. तो पेट्रोल पंपाचा, लाईनीत प्रेशर भरतोय, तो यायलाच पाहिजे. उलट तो आला न्हाई तर काळजी करायची.

मग सेल्फ मारताना. इथं टकटकटकटक असा मशिनगनसारखा आवाज आला आणि डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले की बॅटरी न्हाईतर टर्मिनल. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फचा चुंबकी स्विच, ओढतंय, ओढल्याबरोबर व्होल्टेज पडतंय, म्हणून सोडतंय, सोडलं की व्होल्टेज परत चढतंय म्हणून परत ओढतंय, असा तो खेळ. एकदाच ठक्क आवाज आला आणि पुढं काहीच न्हाई, दिवे मात्र झकास, तर सोलेनॉइडचे पॉईंट जळालेत न्हाईतर सेल्फचे कार्बन संपलेत. सेल्फ नुसता भुर्रकन फिरतोय आणि इंजिन जागचं हलत न्हाई, तर सेल्फला इंजिनाशी जोडणारा बेंडिक्सचा क्लच घसरतोय. आणि घर्रर्र करून दातावर दात घासल्यासारखं झालं तर सेल्फचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, न्हाईतर ते ज्याच्यात अडकतंय ती इंजिनाच्या फ्लायव्हीलची दातेरी रिंग.

तिसरी वेळ म्हणजे इंजिन पेटल्यावरचे पहिले ४-५ सेकंद. तुमचा आवाज मला इथला वाटतोय, पण तुम्ही नीट लिवलं न्हाई. इथला आवाज बहुतेक करून ऑईलचा असतोय. रात्रभर गाडी उभी राहिली की वरचं ऑईल सगळं खाली चेंबरात उतरतंय, सकाळी पंपानं ते वर चढवेपर्यंत चेन ताणून धरणारा टेन्शनर रिकामा, व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट रिकामे, व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारा फेजर रिकामा. ऑईलचं प्रेशर आलं की सगळं गप.

त्याच्या पुढं चालू राहणारे आवाज वेगळे, ते नंतर बोलू. तर दादा, आधी हे सांगा, खडखड सेल्फ फिरतानाच सुरू होतीय की इंजिन पेटल्यावर? आणि डिपस्टिक शेवटची कधी काढून बघितली?

सिंहगडरोडकर
काका, इतकं नीट आजवर कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. उद्या सकाळी फोन बॉनेटवर ठेवून रेकॉर्ड करतो. डिपस्टिक... सर्व्हिसला ते बघतात म्हणून मी कधी काढलीच नाही. शेवटची सर्व्हिस होऊन १७ महिने झाले, घरून काम असल्यामुळे मधे गाडी फक्त ६ हजार किमी चालली, म्हणून ऑईल बदललं नाही.

मीठवारा
रत्नागिरीकरांकडून माझाही अनुभव घ्या. मागच्या पावसाळ्यानंतर माझ्या गाडीची अशीच टकटक सुरू झाली, दुकानात गेलो, त्याने बॅटरी बदला म्हटलं, ५ हजार घालवले आणि आठवड्यात परत टकटक! शेवटी आमच्या इथल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने पाच मिनिटांत पकडलं. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी खाऱ्या हवेने आतून पूर्ण हिरवी होऊन कुजली होती, वरून मात्र रबर छान. त्याने काय केलं तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं आणि दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकला, आणि म्हणाला मारा सेल्फ. एका झटक्यात गाडी चालू. म्हणजे बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, फक्त परतीची वाट बंद. ३५० रुपयांत काम झालं. समुद्राकाठच्या लोकांनी बॅटरी बदलायच्या आधी ही एक परीक्षा कराच, कळकळीने सांगतोय.

उद्यमनगरचा_फिटर
मीठवारा, लाख बोललासा. मीटर असला तर अजून सोपं. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, एक इंजिनच्या ब्लॉकला, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला की अर्थिंग खराब. आणि बॅटरीवर मीटर लावून बघायचं, रात्रभर उभी राहिलेली चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवतीय, १२ वर आली म्हणजे जवळजवळ उतरली. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. गाडी चालू झाली की साधारण १३.८ ते १४.५ यायला पाहिजे, न्हाई आलं तर अल्टरनेटर बघा, बॅटरीचा बिचारीचा दोष न्हाई.

जुन्या गाड्यांत अर्थिंग तुटली की करंट एक्सलेटरच्या न्हाईतर क्लचच्या केबलीतून परत जायचा. केबल तापून प्लॅस्टिक वितळलेलं मी स्वतः बघितलंय.

खिडकीतली_सीट
मी गाड्यांमधलं फार जाणत नाही पण शब्दांवर प्रेम आहे म्हणून लिहिते. तुम्ही सगळे खडखड, घरघर, टकटक एकमेकांच्या जागी वापरताय का? मराठीत प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. खडखड म्हणजे दोन कडक वस्तू, मधे मोकळी जागा, एकमेकांवर आपटताहेत. खरखर म्हणजे खडबडीत पृष्ठभाग घासतोय. घरघर म्हणजे काहीतरी जड गोल फिरतंय, जात्यासारखं. टिकटिक हलकी आणि तालात, ठकठक जड आणि तालात. किरकिर म्हणजे कोरडं, तेल नसलेलं. मूळ पोस्टमध्ये "डब्यात खिळे" म्हटलंय म्हणजे ती नक्की खडखड, घासणं नाही. याचा काही उपयोग होतो का?

उद्यमनगरचा_फिटर
ताई, उपयोग म्हणजे काय, निम्मं काम तिथंच झालं की. मी माझ्या पोरांना हेच शिकवतोय फक्त मला असं मांडता येत न्हवतं. खडखड म्हणजे चेन तिच्या गाईडवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर, आपटतीय न्हाईतर एक्झॉस्टवरचा पत्रा सुटलाय. घरघर म्हणजे बेअरिंग, मग ते अल्टरनेटरचं असो, आयडलरचं असो, वॉटर पंपाचं असो. टिकटिक म्हणजे टॅपेट, न्हाईतर मॅनिफोल्डच्या गॅस्केटातून धूर निसटतोय. ठकठक, जड, एक्सलेटर दिला की वाढणारी, ती बिग एंड बेअरिंगची, म्हणजे पिस्टनच्या दांड्याच्या खालच्या टोकाची. ती ऐकू आली की गाडी बंद करायची आणि टो करून न्यायची, चालवत न्यायची न्हाई. किरकिर न्हाईतर चींईं म्हणजे बेल्ट. हे आमच्या भिंतीवर लिवून ठेवतो.

डोंबिवली_फास्ट_नव्हे_स्लो
बेल्टवरून आठवलं, माझ्या गाडीला पावसाळ्यात रोज सकाळी चींईंईं, अख्खी सोसायटी जागी. एक मिनिटात बंद. हे का होतं कुणी सांगेल का? फक्त सकाळीच का?

तिसरा_गिअर
कारण सेल्फ मारताना बॅटरीतून भरपूर करंट जातो आणि गाडी चालू झाल्याबरोबर अल्टरनेटर तो भरून काढायला लागतो, त्यामुळे पहिल्या मिनिटात बेल्टवर सगळ्यात जास्त ओढ असते. त्यात रात्रीची ओल, बेल्ट घसरतो. बाटलीने बेल्टच्या दातांच्या बाजूवर थोडं पाणी मारून बघा, हात आणि कपडे लांब ठेवून. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे किंवा त्याला ताणणारा टेन्शनर मेलाय. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली सरळ रेषेत नाहीत. बेल्ट ड्रेसिंगचा स्प्रे मात्र मारू नका, चार दिवस शांत राहतो आणि मग धूळ धरून बेल्ट अजून लवकर जातो.

डोंबिवली_फास्ट_नव्हे_स्लो
भावा धन्यवाद, उद्या रविवार, सोसायटी उठायच्या आत बघतो.

सिंहगडरोडकर
रेकॉर्डिंग केलं. दोन गोष्टी कळल्या. एक, सेल्फ फिरताना आवाज अगदी साफ आहे, नेहमीचा चक-चक-चक. इंजिन पेटल्याबरोबर खडखड सुरू होते आणि घड्याळ लावून मोजलं तर ३ सेकंदांपेक्षा थोडी कमी चालते. दोन, डिपस्टिक काढली आणि पोटात गोळा आला. ऑईल खालच्या खुणेच्याही खाली आहे, फक्त टोकाला लागलंय, काळंकुट्ट. पण मग ऑईलचा लाल दिवा का नाही लागला? गाडीने सांगायला नको?

उद्यमनगरचा_फिटर
दादा, हा गैरसमज निम्म्या महाराष्ट्राला हाय. तो दिवा ऑईल *किती* हाय ते सांगत न्हाई, ऑईलचं *प्रेशर* सांगतोय. पंपाच्या तोंडाला ऑईल मिळतंय तोवर दिवा गप. तो लागला म्हणजे उशीर झाला, तिथंच गाडी बंद करायची. म्हणून महिन्यातनं एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबून डिपस्टिक बघायचीच. आज बाकी काही करू नका, आधी टॉपअप करा, वरच्या खुणेच्या पुढं जाऊ देऊ नका.

शहाणपण_नाही_अनुभव
माझ्या मते २०W-५० टाका, जाड ऑईल, आवाज हमखास दबतो. माझ्या जुन्या गाडीला हाच इलाज केला होता.

तिसरा_गिअर
नको नको! यांच्या इंजिनात व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग आहे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ ऑईलच्या दाबाने बदलते, त्याच्या ऑईलच्या वाटा बारीक असतात. गार असताना जाड ऑईल वर चढायलाच वेळ लावतं आणि यांचा प्रॉब्लेमच तो आहे, वर पोचायला उशीर. जो ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच टाका. २०W काय, ५W काय, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, गार असताना ते किती सहज वाहतं त्याचा तो आकडा आहे.

आणि पहिल्या दिवशी मी "चेनच" म्हटलं ते मागे घेतो, निदान ऑईल बदलेपर्यंत तरी. मी डिपस्टिकबद्दल विचारायलाच हवं होतं.

शहाणपण_नाही_अनुभव
हे बरोबर आहे, माझी गाडी १९९८ ची होती, तिला असलं काही नव्हतं. नवीन गाडीला लागू नाही.

बर्फातला_वऱ्हाडी
राजेहो, मी कॅलगरीत रायतो. इथं उणे ३० ला सेल्फ मारला का गाडी अशी कण्हते का काळीज हलते. उणे १८ लाच बॅटरीची ताकद साधारण निम्म्यावर येते अन ऑईल मधासारखं होते, म्हणजे मागणी जास्त अन पुरवठा कमी. इथं गाडीच्या पुढून विजेची वायर लोंबकळते ना, ती ब्लॉक हीटरची, रात्री भिंतीतल्या प्लगला लावून ठेवा लागते. मी सुरवातीला ती वायर पाहून इलेक्ट्रिक कार समजलो होतो सगळ्या! पण एक सांगतो, बॅटरी थंडीत मरते असं सगळे म्हणतात पण तिला खरं मारते ती गर्मी. नागपूरचा मे महिना बॅटरी आतून संपवते, थंडी फक्त ते उघडं पाडते. आमच्या घरी नागपुरात बॅटरी तीन वर्षं टिकली तरी बाबा खूश असत.

आजोळ_निफाड
वऱ्हाडीभाऊ, आमच्या निफाडलाही पारा ५ च्या खाली जातो, द्राक्षबागेत शेकोट्या करायला लागतात. डिझेल गाडी असेल तर चावी ऑन करून वेटोळ्याचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मगच सेल्फ मारायचा. आमच्या ड्रायव्हरला ती सवय नव्हती, रोज सकाळी गाडी ठोकत ठोकत, थरथरत, पांढरा धूर सोडत चालू व्हायची आणि अर्ध्या मिनिटात सरळ. आम्हाला वाटलं इंजिन गेलं. सेल्फच्या आधी सिलिंडर गरम करणारे हीटर प्लग असतात, त्यातले चारपैकी दोन गेले होते. गार सिलिंडरमध्ये डिझेल उशिरा पेटतं आणि मग एकदम भडकतं, तो ठोका त्याचा असतो.

ठाण्याची_मावशी
माझं वेगळंच झालं. गाडी चालू केली की फडफडफड, कागद पंख्यात अडकल्यासारखं. मी लगेच बंद केली, मुलाला म्हटलं इंजिन फाटलं. मेकॅनिक आला, त्याने फक्त एसीचा ब्लोअर बंद केला आणि म्हणाला आता मारा सेल्फ. आवाज गायब. उंदराने ब्लोअरमध्ये घरटं केलं होतं, सुतळी, शेंगांची टरफलं, आमच्या सोसायटीच्या नोटिशीचा तुकडासुद्धा. तेव्हापासून आवाज ऐकायचा असेल तर मी आधी ब्लोअर आणि गाणी बंद करते. आणि थंडीत बॉनेटवर दोनदा थाप मारल्याशिवाय सेल्फ मारत नाही, मांजराची पिल्लं उबेला इंजिनवर येऊन बसतात हो. कृपा करून सगळ्यांनी हे करा.

खिडकीतली_सीट
मावशी, बॉनेटवरच्या थापेबद्दल शंभर वेळा हो.

टॅक्सीवाल्याचा_पोरगा
थोडं अवांतर, पण राहवत नाही. माझे वडील मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवायचे. आमच्या चाळीखाली रात्री सात-आठ टॅक्सी लागायच्या आणि पहाटे आई झोपेतच सांगायची, हा यांचा सेल्फ. प्रत्येक गाडीचा आवाज वेगळा, एकीचा सेल्फ खोकायचा, एकीचा फॅन बेल्ट रडायचा, वडिलांची गाडी दोन वेळा अडखळून तिसऱ्याला घ्यायची. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतून काळी-पिवळी पद्मिनी कायमची गेली तेव्हा मला गाडी नाही, तो पहाटेचा आवाज आठवला.

वडील सांगायचे, काकांच्या ॲम्बॅसेडरला हँडल मारून चालू करायला लागायचं तेव्हा अंगठा हँडलभोवती आवळायचा नाही, बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, कारण इंजिनने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला तेव्हा माणसांची हँडलमधून सुटका सुरू झाली. आपल्याकडे तो अंगठ्याचा धडा पुढची कित्येक दशकं चालू होता.

उद्यमनगरचा_फिटर
डोळ्यात पाणी आणलंस लेका. माझ्या उजव्या मनगटाचा आकार बघ कधी आलास तर, हँडलचाच प्रसाद हाय.

गॅसवर_चालणारा
सीएनजीवाल्यांसाठी एक. माझी गाडी पेट्रोलवर चालू होते आणि इंजिन थोडं गरम झालं की आपोआप गॅसवर जाते, तेव्हा एक ठक्क आवाज येतो आणि मग हलकी टिकटिक चालू. ठक्क म्हणजे गॅसचा व्हॉल्व्ह उघडला आणि टिकटिक गॅसच्या इंजेक्टरची. नवीन घेतली तेव्हा मी दोनदा गॅरेजला धावलो होतो. काकांच्या भाषेत, चालू झाल्यावर काही वेळाने येणारा आवाज, आणि यात काही बिघाड नाही.

कऱ्हाडचा_सातबारा
काका, घर्रर्रबद्दल विचारायचंय. आमच्या गाडीला कधीतरीच घर्रर्र होतं, पाचातनं एकदा, आणि तेव्हा गाडी उचलतच नाही. मग थोडं ढकलून परत मारलं की एका सेल्फमध्ये चालू. भूत आहे काय त्यात?

उद्यमनगरचा_फिटर
भूत न्हाई, रिंग. ४ सिलिंडरचं इंजिन बंद करताना बहुतेक वेळा ठरलेल्या दोनच जागी थांबतंय, कारण कुठला तरी पिस्टन दाबात येऊन त्याला अडवतोय. मग सेल्फचं पिनियन वर्षानुवर्षं फ्लायव्हीलच्या रिंगच्या त्याच दातांवर आपटतंय आणि तेवढेच दात झिजतात. तिथं थांबली की घर्रर्र, दुसरीकडं थांबली की झकास. तुम्ही गिअरमधी टाकून ढकलता तेव्हा इंजिन थोडं फिरतंय आणि चांगले दात समोर येतात. आता जास्त दिवस ढकलू नका, तुटलेला दात बाकीचे पण खातोय. गिअरबॉक्स उतरवायला लागंल, तेव्हाच क्लच प्लेट पण बघून घ्या म्हणजे दोनदा मजुरी न्हाई. आणि गाडी चालू असताना चुकून परत सेल्फ मारायची सवय कुणाला असंल घरात तर ती मोडा.

सिंहगडरोडकर
मंडळी, अपडेट. टॉपअपला जवळजवळ १ लिटर गेलं!! दुसऱ्या दिवशी सकाळी खडखड ३ सेकंदांवरून २ वर. मग ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदललं, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं. जुना फिल्टर त्याने कापून दाखवला, आतमध्ये रबराची चकती असायला हवी ती कडक होऊन तडकली होती. तो म्हणाला हीच ऑईल मागे जाऊ देत नाही. आता चौथी सकाळ, आवाज अर्धा सेकंद, कधी तोही नाही. बायको म्हणते येतच नाही, मला येतो. हे संपलं का अजून काही बघायचं?

तिसरा_गिअर
फिल्टर तोंड वर करून उभा बसवलेला असेल तर त्या चकतीने फारसा फरक पडत नाही, ऑईल तसंही आतच राहतं. तुमचा आडवा आहे का?

सिंहगडरोडकर
हो, आडवाच, ब्लॉकच्या मागच्या बाजूला.

उद्यमनगरचा_फिटर
आडव्याला ती चकती पाहिजेच. झकास काम झालंय, पण अर्धा सेकंद राहिलाय तो सोडू नका. एक परीक्षा सांगतो, फुकटची हाय. सकाळी गार इंजिनला एक्सलेटर पूर्ण तळापर्यंत दाबून धरा आणि मग चावीनं सेल्फ मारा. बऱ्याच इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत असं केलं की पेट्रोल बंद होतंय, इंजिन नुसतं फिरतंय, पेटत न्हाई. ५ सेकंद फिरवा, सोडा. पेटतंय असं वाटलं तर लगेच पाय काढायचा, न्हाईतर गाडी किंचाळंल. तेवढ्यात ऑईल वर चढतंय. मग पाय काढून नेहमीसारखी चालू करा. आता खडखड आजिबात आली न्हाई तर फक्त प्रेशर पोचायचा उशीर. तरीही आली तर चेन न्हाईतर टेन्शनर खरंच सैल हाय, मग ते उघडायचं.

सिंहगडरोडकर
काका, आज केलं. इंजिन पेटलं नाही, नुसतं फिरलं, तुम्ही म्हणालात तसंच. ५ सेकंद. मग चालू केली, खट् असा एकच बारीक आवाज आला. पूर्ण शांत नाही. शनिवारी गॅरेजवाल्याकडे व्हॉल्व्ह कव्हर उघडून बघायचं ठरलंय.

खिडकीतली_सीट
मीही वाट बघतेय शनिवारची.

सिंहगडरोडकर
शनिवारचं लिहितो. आधी स्कॅनर लावला, कॅम (व्हॉल्व्ह चालवणारा दांडा) आणि क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) यांच्या टायमिंगमध्ये फरक नाही, एरर कोड नाही. मग कव्हर उघडलं, मी पूर्ण वेळ शेजारी उभा होतो. चेन ताणलेली नाही, टेन्शनरचा दांडा किती बाहेर आलाय त्यावरून त्याने दाखवलं, अजून बरीच मोकळीक शिल्लक आहे. गाईडवर एका बाजूला चेनच्या बारीक रेघा पडल्यात पण प्लॅस्टिक तुटलेलं नाही. टेन्शनर हाताने दाबला तर दबतोय, म्हणजे ऑईल धरून ठेवत नाही. टेन्शनर आणि कव्हरचं गॅस्केट बदललं, मजुरी धरून ४,९०० रुपये. चेन तीच. आज सकाळी आणि काल सकाळी, दोन्ही वेळा बॉनेट उघडं ठेवून रेकॉर्ड केलं, काही नाही. नुसतं इंजिन.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डिपस्टिक बघायची असं फोनमध्ये लावून ठेवलंय. पण काका, १७ महिन्यांत १ लिटर गेलं कुठे? खाली थेंब पडत नाहीत.

उद्यमनगरचा_फिटर
आता वरच्या खुणेपर्यंत भरलंय न्हवं? १ हजार किमी झाले की डिपस्टिक बघा आणि इथं लिवा. आणि एक, सकाळी चालू करताना कुणाला तरी मागं उभं करा. सायलेन्सरमधनं निळसर धूर एकदाच फुस्सकन येतोय का बघायला सांगा. आला तर ऑईल जळतंय, म्हणजे व्हॉल्व्हचे सील गेलेत, मग त्याचं बोलू.

सिंहगडरोडकर
उद्या मेव्हणा येतोय, त्यालाच मागे उभा करतो.